व्होल्टेज नक्की कुठं मोजायचं? व्हीकोरच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

सोलापुरात पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल. सगळे माग एकदम सुरू असले की गल्लीच्या टोकाच्या कारखान्यात मोटारी घोगऱ्या आवाजात चालतेत, मालक म्हणतो बोर्डापाशी तर व्होल्टेज बरोबर दिसतंय, आणि वायरमन बोर्डाकडं बघतसुद्धा नाही, सरळ मोटारीचं झाकण उघडून टर्मिनलला मीटर लावतो. "अण्णा, मोटार बोर्डापाशी चालत नाही, इथं चालते." प्रोसेसरच्या गाभ्याचं खरं व्होल्टेज, म्हणजे व्हीकोर, किती, हा ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचा (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणाऱ्यांचा) जो जुना वाद आहे तो इतकाच आहे, फक्त इथं फरक ३०-४० व्होल्टचा नसून ३०-४० मिलीव्होल्टचा असतो आणि तेवढ्यात मशीन हँग होतं.

आधी असा प्रश्नच नव्हता. २८६, ३८६, बहुतेक ४८६, सगळे ५ व्होल्टवर, एसएमपीएसमधनं, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमधनं, येणारा तोच ५ व्होल्ट सरळ चिपला जायचा. १९९३ चे पहिले ६०-६६ मेगाहर्ट्झचे पेंटियमही ५ व्होल्टचेच, आणि चांगलेच तापायचे. पुढच्या वर्षी ३.३ व्होल्टवर आले. १९९७ मध्ये पेंटियम एमएमएक्स आला त्याच्या गाभ्याला २.८ आणि बाहेरच्या सिग्नलला ३.३, म्हणजे एकाच चिपला दोन व्होल्टेज, ते मदरबोर्डवर जंपर लावून सेट करायचं, आणि जंपर चुकला की संपलं. ह्याच काळात बोर्डवर व्हीआरएम आलं, म्हणजे एसएमपीएसचं व्होल्टेज कापून कमी करणारं सर्किट, प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी मॉस्फेट, चोक (तारेची कॉइल) आणि कपॅसिटरची रांग दिसते ना, तेच.

१९९५ च्या पेंटियम प्रोपासनं अजून एक बदल झाला आणि माझ्या मते सगळा घोळ तिथनंच सुरू झाला. प्रोसेसरला व्हीआयडी नावाच्या पिना आल्या, प्रोसेसर त्या पिनांनी सांगणार मला इतकं दे आणि व्हीआरएम तेवढं देणार. पण व्हीआयडी म्हणजे मागणी, मिळालेलं व्होल्टेज नव्हे, आणि हा फरक आजही लोक विसरतेत. सॉफ्टवेअरमध्ये व्हीआयडी बघून सांगतेत माझा सीपीयू एवढ्यावर चालतोय. १९९८ ला इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, २ व्होल्टचा, बस (प्रोसेसर बोर्डशी बोलतो तो वेग) ६६ मेगाहर्ट्झवरनं १०० वर नेली की ३०० चा ४५० व्हायचा, तेव्हा व्होल्टेज वाढवायला लोक प्रोसेसर ज्या कार्डवर यायचा त्याच्या पिनांवर बारीक टेप चिकटवायचे. नंतर हे सगळं बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, आलं, आणि बायोसमध्ये टाकलेला आकडा म्हणजेच मिळणारा आकडा असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मोजायची सोयही त्याच सुमाराला आली. एलएम७८ सारख्या मॉनिटरिंग चिप बोर्डवर आल्या, पुढं तेच काम बोर्डवरच्या सुपर आयओ नावाच्या चिपमध्ये गेलं, आणि सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर तिथलाच आकडा दाखवतं. ह्या चिपमधला कन्व्हर्टर ८ बिटचा, ४.०९६ व्होल्टचे २५६ भाग, म्हणजे एक पायरी १६ मिलीव्होल्टची. म्हणून जुन्या बोर्डांवर १.२६४ नंतर थेट १.२८० दिसायचं, मधलं काही नाहीच. शिवाय ही चिप बसते बोर्डच्या एका कोपऱ्यात, तिचं ग्राउंड आणि प्रोसेसरचं ग्राउंड लोडवर तंतोतंत एक राहत नाही, त्यामुळं आकडा आणखी सरकतो.

मला हे पटलं ते इंटेलच्या एका क्यू६६०० प्रोसेसरवर. एप्रिलचा महिना, सोलापूरचं ऊन, २.४ चा ३ गिगाहर्ट्झ केलेला आणि दुपारी लोड टाकला की रीस्टार्ट. बायोसमध्ये १.३५०, सीपीयू-झेडमध्ये रिकामा असताना १.३१२, लोडवर १.२६४. मग पिवळा साधा मल्टिमीटर काढला, डीसी २००० मिलीव्होल्टची रेंज, काळी प्रोब एसएमपीएसच्या मोलेक्स कनेक्टरच्या काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या, वायरीत, लाल प्रोब चोकच्या सॉकेटकडच्या टोकाला. ही प्रोब धरताना हात अजिबात हलता कामा नये, शेजारच्या पायाला टेकली की बोर्ड जातो. लोडवर १.२८१ दिसलं. ह्या मीटरची चूक ६-८ मिलीव्होल्टपर्यंत धरली तरी तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे होते, आणि बायोसचा त्यातला सगळ्यात खोटा.

पण बोर्ड बिघडलेला नव्हता. लोडवर व्होल्टेज खाली येतं त्याला व्हीड्रूप म्हणतेत आणि ते इंटेलनं मुद्दाम ठेवलेलं आहे. १.२५ व्होल्टवर ९५ वॉट म्हणजे ७६ अँपियर, घरातला २००० वॉटचा गिझर ९ च्या आसपास घेतो, ह्यावरनं अंदाज करा. एवढा करंट एकदम थांबला की चोकमध्ये साठलेली ऊर्जा जाणार कुठं, व्होल्टेज क्षणभर उसळतं, म्हणून आधीच थोडं खाली ठेवायचं, म्हणजे उसळी मर्यादेच्या आत राहते. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांना मात्र तो शत्रूच वाटला. कुणी व्हीआरएमच्या रेझिस्टरवर पेन्सिल घासून ड्रूप कमी केला, आणि २००७-०८ च्या सुमाराला बोर्डवाल्यांनी लोडलाइन कॅलिब्रेशन नावानं तेच बायोसमध्ये दिलं. फुल लेव्हलवर आकडा सपाट दिसतो, छान वाटतं, पण उसळी मल्टिमीटरला दिसतच नाही कारण तो सरासरी दाखवतो, त्याला ऑसिलोस्कोपच लागतो. मी तरी कुणालाही सगळ्यात वरची लेव्हल लावून देत नाही.

२००९-१० च्या आसपास महाग बोर्डांवर मल्टिमीटरसाठी वेगळे पॉइंट आले, असूसचं प्रोबइट, एमएसआयचं व्ही-चेक, आणि चोक शोधायची गरज उरली नाही. मग २०१३ ला इंटेलच्या हॅसवेल पिढीनं सगळं उलटं केलं, रेग्युलेटरच प्रोसेसरच्या आत, बोर्डवर मोजलं तर १.८ च्या आसपास येणार, गाभ्याचं व्होल्टेज बाहेरनं मिळणारच नाही. २०१५ च्या स्कायलेक पिढीत ते परत बाहेर आलं.

मोटारीच्या टर्मिनलला मीटर लावण्यासारखं काम व्हायला २०१८ उजाडलं, इंटेलच्या झेड३९० चिपसेटच्या काही वरच्या बोर्डांवर. त्याआधी सॉकेटपाशीच मोजायचे, तिथनं सिलिकॉनपर्यंत पिना आणि तांबं आहेच, अर्धा मिलीओहम जरी रोध धरला तरी १०० अँपियरला ५० मिलीव्होल्ट गेले. ह्या नव्या पद्धतीत, म्हणजे डाय सेन्समध्ये (डाय म्हणजे आतला सिलिकॉनचा तुकडा), प्रोसेसरच्या आतनं आलेल्या दोन सेन्स लाइनींमधला फरक मोजतेत, त्या लाइनींतनं करंट जवळजवळ नसतोच, त्यामुळं वाटेतली घट मध्ये येत नाही. असा बोर्ड पहिल्यांदा हातात आला की लोक घाबरतेत, लोडवर आकडा जुन्या बोर्डपेक्षा कमी दिसतो म्हणून. व्होल्टेज कमी झालेलं नसतं, जुना बोर्ड जास्त दाखवत होता.

२०२४ ला इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होतेत हे गाजलं तेव्हा कंपनीनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीचं अपडेट) काढून प्रोसेसरच्या मागणीलाच १.५५ व्होल्टची मर्यादा घातली. ती व्हीआयडीवर आहे. लोडलाइन फुल लावलेल्या बोर्डवर क्षणभराची उसळी किती जाते ते अजूनही प्रोब लावूनच बघावं लागतं.