त्वचाजन्य मूलपेशी : वाढघटक आणि चेतापेशी-निर्मिती

अंतस्त्वचेतून (त्वचेच्या आतल्या थरातून) मिळवलेल्या मूलपेशींना, म्हणजे स्वतःसारख्या पेशी वाढवू शकणाऱ्या आणि वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींना, वाढघटक, म्हणजे पेशींना विभाजनाचे, तगून राहण्याचे किंवा रूप बदलण्याचे संदेश देणारी प्रथिने, पुरवून चेतापेशींच्या दिशेने वळवण्याची प्रयोगशाळेतील प्रक्रिया. सस्तन प्राण्यांच्या त्वचेतून अशा पेशी वेगळ्या केल्याचे कॅनडातील फ्रेडा मिलर यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले.

त्वचेतल्या पेशीत चेतापेशी होण्याची क्षमता असावी हे वाटते तितके नवलाचे नाही. चेहऱ्याच्या त्वचेतील या पेशी भ्रूणातल्या चेताशिखेपासून (भावी मेरुरज्जूच्या कडेला असणाऱ्या पेशीसमूहापासून) येतात आणि परिघीय चेतासंस्थेचा, म्हणजे मेंदू व मेरुरज्जूबाहेरच्या चेतांच्या जाळ्याचा, बराच भागही तिच्यापासूनच घडतो. पाठीच्या त्वचेतील पेशींचा उगम मात्र वेगळा असतो.

त्वचेचा तुकडा विकरांनी (एन्झाइमांनी) सुटा करून पेशी रक्तरसविरहित (सीरम नसलेल्या) पोषक माध्यमात ठेवतात. त्यात बाह्यत्वचा वाढघटक (ईजीएफ) आणि तंतुजनक पेशी वाढघटक-२ (एफजीएफ-२) घालतात. इतर पेशी बशीच्या तळाला चिकटतात. मूलपेशी मात्र वाढत वाढत तरंगते गोळे बनवतात. एफजीएफ-२ हे ३७ अंश सेल्सियसला फार टिकत नाही, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा घालावे लागते.

गंमत अशी, की पेशींची संख्या वाढवणारे हेच घटक त्यांना परिपक्व होऊ देत नाहीत. म्हणून पुढच्या टप्प्यात ते काढून घेतात, पेशी चिकट पृष्ठभागावर पसरवतात आणि चेता वाढघटक (एनजीएफ), मेंदूजन्य चेतापोषक घटक (बीडीएनएफ) व न्यूरोट्रॉफिन-३ देतात. हे घटक अनुक्रमे मुख्यतः ट्रकए, ट्रकबी आणि ट्रकसी या ग्राहींवर (पेशीच्या पृष्ठभागावरील, संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांवर) काम करतात. पेशीवर ग्राहीच नसेल, तर घटक कितीही ओतला तरी व्यर्थ. (ईजीएफ व एनजीएफ यांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.)

चेतापोषक घटक पेशीला चेतापेशी ‘बनवतात’ की आधीच त्या वाटेला लागलेल्या पेशींना केवळ जगवतात, हे एकट्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. लांब प्रवर्ध (पेशीतून निघणारे फाटे) फुटले, बीटा-३ ट्युब्युलिन हे चेतापेशींची खूण मानले जाणारे प्रथिन दिसले, एवढ्यावर चेतापेशी तयार झाली म्हणणे घाईचे ठरते. विद्युत आवेग निर्माण होतो का, हे तपासावेच लागते.

याच मूलपेशींना न्यूरेग्युलिन (एक वाढघटक) आणि फोर्स्कोलिन (एक वनस्पतिजन्य रसायन) दिल्यास त्या चेतातंतूंभोवती मायलिनचे (मेदयुक्त पदार्थाचे) आवरण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशींकडे वळतात. उपचारांच्या दृष्टीने ही वाट अधिक आशादायक दिसते : मेरुरज्जूला इजा झालेल्या उंदरांत अशा पेशींचे रोपण करून पाहिले गेले आहे.