तेरड्याचं बोंड

गौरी आल्या की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: तेरड्यात म्हणे 'सकारात्मक ऊर्जा' असते, म्हणून पूर्वजांनी त्याला गौरीचा मान दिला. यंदाही आला. ऊर्जा असते हे खरंच आहे. फक्त ती त्याच्या बोंडात असते आणि शाळेतल्या स्थितिस्थापकतेच्या धड्यात तिचा हिशोब लागतो.

भाद्रपदात खडकवासल्याच्या पुढे पानशेतच्या रस्त्याला लागलं की बांधांवर, ओघळांच्या काठानं तेरड्याचे गुलाबी पट्टेच दिसतात. मधूनमधून कुर्डूचे तुरे, पिवळा कवळा आणि पाण्याच्या कडेला शेपूट नाचवणारा, नुकताच उत्तरेकडून आलेला करडा धोबी. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. माझे पाय अडतात ते बोंडापाशी.

फूल गळून गेलं की हिरवं, लवदार, दोन्ही टोकांना निमुळतं बोंड धरतं. चांगलं फुगलेलं बघून अलगद चिमटीत धरा. टच्! बोटांत अळीसारखं काहीतरी वळवळतं आणि बिया अंगावर उडतात. माहीत असूनही मी दर वेळी दचकतो.

बोंडाची साल पाच शकलांची असते, कडांनी एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक शकलात बाहेरच्या बाजूच्या पेशी परासरणानं पाणी ओढून टम्म फुगतात. वनस्पतींच्या पेशींत हा स्फीतीदाब हवेच्या दाबाच्या तीन ते दहा पट सहज असतो. मोटारीच्या टायरला दोन-सव्वादोन पट पुरतो. आतल्या बाजूचे तंतू मात्र ताणले जायला तयार नसतात. बाहेरची बाजू लांबायला बघते, आतली लांबू देत नाही, त्यामुळे शकलाला आतल्या अंगाला गुंडाळी व्हायचं असतं. पण शेजारची चारही तेच करू बघतात आणि पाचही जण शिवणीत अडकून राहतात. ही अडकलेली ओढ म्हणजेच साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा. बोंड पिकेल तशी शिवण कच्ची होते, मग वाऱ्याचा किंवा एखाद्या किड्याचा धक्काही पुरतो. तेरड्याच्या एका अमेरिकी भावंडाचं बोंड वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं तेव्हा सगळा खेळ सुमारे ४ मिलिसेकंदांत आटोपला होता. पापणी लवायला याच्या पंचवीसपट तरी वेळ लागतो. तेरड्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द इम्पेशन्स, लॅटिनमध्ये उतावळा, तो उगाच नाही.

गंमत पाण्यात आहे. मूग-उडदाच्या शेंगा वाळल्या की तडकतात. तेरड्याचं उलटं, ओलावा गेला की जोर गेला. आवाहनाच्या दिवशी मंडईतून आणलेल्या जुडीतल्या एका बोंडानं बिया थेट हळदीकुंकवाच्या करंड्यात उडवल्या होत्या. विसर्जनाला तीच जुडी मलूल झालेली. बोंडं दाबून पाहिली, नुसती चेपली.

राहता राहिली 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण. फुलापुरती ठीक आहे. पण तेरड्यात मेंदीतलंच लॉसोन हे रंगद्रव्य असतं. ते नखातल्या केराटिन या प्रथिनाला असं चिकटतं, की नख वाढून कापलं जाईपर्यंत सुटत नाही. गेल्या वर्षी पाकळ्या आणि पानं तुरटी घालून वाटली आणि रात्रभर करंगळीला बांधून ठेवली होती. दसऱ्याला सोनं वाटताना नख अजून नारिंगी होतं.