सहा ठिपकेवाला बीटल अँथियामध्ये कसा आला

पाऊस सुरू झाला की आमच्या ठाण्याच्या ग्रुपवर येऊरच्या जंगलातला एक फोटो हमखास येतो, काळाकुळकुळीत बीटल, पाठीवर पांढरे ठिपके, आणि खाली प्रश्न, हा चावतो का हो? मग कोणीतरी ठिपके मोजून नाव सांगतं आणि निम्म्या वेळा चुकतं.

ठिपके मोजायची सवय तशी जुनीच. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसचा विद्यार्थी फॅब्रिशियस, त्याने १७७५ मध्ये या भारतीय बीटलला नाव दिलं सेक्सगुटाटस, म्हणजे लॅटिनमध्ये सहा थेंबवाला, दोन थेंब मानेमागच्या ढालीवर आणि चार पाठीवर. पण टाकला कुठे, तर कॅराबस नावाच्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, कारण तेव्हा जमिनीवर पळणारे बहुतेक शिकारी बीटल त्याच एका पोत्यात भरलेले होते. पुढे १८०१ मध्ये त्याचाच विद्यार्थी वेबर याने अँथिया हा जीनस वेगळा काढला. त्यातली बहुतेक मंडळी आफ्रिकेतली, आपला हा त्यांचा इकडचा भाऊबंद. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सेक्समाक्युलाटा नावाचा अजून एक सहा ठिपकेवाला आहे, म्हणजे नुसत्या आकड्यावर गेलात तर फसलात.

बरं ते ठिपके म्हणजे रंग नाही, बारीक केसांचे पुंजके असतात, घासले की जातात, म्हणून जीनस ओळखायचा तर अंग बघायचं. मोठा देह, आपला तर चार सेंटीमीटरच्या आसपास, लांब पाय, उडता येत नाही, आणि वरचा ओठ इतका लांबट की जबड्यांवर झाकण घातल्यासारखा दिसतो. पुढच्या पायाला मिशा साफ करायची खाच असते, पण ती या फॅमिलीत बहुतेकांना असते त्यामुळे त्यावरून जीनस कळत नाही. काही तज्ज्ञ अँथियातल्या काही जाती थर्मोफिलम या वेगळ्या जीनसमध्ये काढतात, तो वाद तज्ज्ञांना लखलाभ.

खरी गंमत झुरळाची आहे. थेरिया नावाचं एक झुरळ आहे, काळ्यावर सात पांढरे ठिपके, हे याचंच सोंग असावं असं मानतात, कारण बीटल डिवचला की फॉर्मिक ॲसिडची पिचकारी मारतो, त्याला कोण खाणार? ग्रुपवर दर वर्षी हेच झुरळ बीटल म्हणून खपतं. ठिपके सोडा, पाठ बघा, बीटलचे पंख मधोमध सरळ रेषेत मिटतात, झुरळाचा एक पंख दुसऱ्यावर चढलेला असतो. आणि मोबाईल फार जवळ नेऊ नका, पिचकारी डोळ्यात गेली तर चांगलंच झोंबेल.