घरातली मधली भिंत पाडायचीय? परवानगी कोणाची, कागद कुठले, आणि आधी काय बघायचं

किचन आणि हॉल एक करायचं ठरलं की पहिला फोन कॉन्ट्रॅक्टरला जातो, तो येऊन भिंतीवर दोन टिचक्या मारतो आणि म्हणतो पार्टिशनच आहे, अर्ध्या दिवसाचं काम. तिथेच थांबवा त्याला. पहिला फोन स्ट्रक्चरल इंजिनियरला करायचा, कारण पुढचा सगळा अर्ज त्याच्या सही-शिक्क्यावरच उभा राहतो.

भिंत वरचा भार घेते की नुसता आडोसा आहे हे आवाजावरून कळत नाही, विटेची भिंत भार घेणारी असो वा नसो, सारखीच वाजते. जाडीवरून अंदाज येतो, 9 इंची असेल तर संशय घ्यायचाच, पण जुन्या घरात साडेचार इंची भिंतीवरही वरच्या मजल्याची भिंत बसवलेली सापडते. कॉलम-बीमच्या इमारतीत आतल्या विटांच्या भिंती बहुतेक वेळा नुसत्या आडोशाच्या असतात, पण सलग काँक्रीटची भिंत असली तर तिला हात लावायचाच नाही, भूकंपात आणि जोराच्या वाऱ्यात इमारतीला तीच तोलून धरते. लाकडी तुळयांचं घर असेल तर तुळयांची टोकं कुठल्या भिंतीवर टेकलीत ते आधी बघा.

आता अर्ज. करायचा मालकाने. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती लागते, घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या. कर्ज चालू असेल तर करारात बांधकाम बदलाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बरेच जण हे विसरतात. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीची एनओसी आणि मग पालिकेचा बांधकाम विभाग. काही ठिकाणी भार न घेणाऱ्या भिंतीला नुसतं कळवलं तरी चालतं, पण तेसुद्धा तोंडी नको, पोच घ्या.

कागद साधारण हे: मालकीचा पुरावा, ओळखपत्र, मंजूर नकाशाची प्रत, आत्ताचा आणि बदलानंतरचा नकाशा, इंजिनियरचा रिपोर्ट, आणि भार घेणारी भिंत असेल तर तिच्या जागी भार घेणाऱ्या नवीन बीमचं डिझाईन कॅलक्युलेशनसकट. त्यात तात्पुरते टेकू कुठे आणि किती लावायचे हेही आलं पाहिजे, नसेल तर मागून घ्या, कारण धोका सगळ्यात जास्त असतो तो भिंत गेली आणि बीम अजून बसला नाही त्या मधल्या वेळात. टेकू खाली नुसत्या टाइल्सवर उभे करत नाहीत, फळी टाकून भार पसरवतात.

आमच्याकडे भिंत साधीच निघाली पण स्विचबोर्डपासून वायर सरळ वर न जाता तिरकी गेलेली, छिन्नी तिच्यापासून दोन बोटांवर होती. तेव्हापासून मी मेन स्विच स्वतः बंद करतो. पाण्याचा पाइप आणि गॅसची लाइन पण आधी शोधून बंद करून घ्यायची. भिंत वरून खाली, वीट वीट करून काढायची, घण घालून आडवी पाडायची नाही.

राडारोड्याचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. दहा बाय दहा फुटांची साडेचार इंची विटेची भिंत म्हणजे जवळजवळ 2 टन वजन. घराचा स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून डिझाईन केलेला असतो, आणि आपण सगळा ढीग एका कोपऱ्यात रचतो. रोजचं रोज खाली उतरवा.

बीम बसला की लगेच प्लास्टर करू नका. इंजिनियरला, आणि तुमच्याकडे तपासणी लागत असेल तर विभागाच्या माणसालाही, बीमची दोन्ही टोकं किती टेकलीत ते उघडं असतानाच दाखवा, तारखेसकट फोटो काढा. काम पूर्ण झाल्याचा दाखला मग त्यावरच मिळतो, आणि तो मूळ नकाशाबरोबर त्याच फाइलमध्ये लावून ठेवा, घर विकताना समोरच्याचा वकील पहिल्यांदा तोच मागेल.