प्रॉक्सिमिटी सेन्सरमधील बिघाड व त्याची तपासणी

प्रॉक्सिमिटी सेन्सर हा स्मार्टफोनच्या वरच्या कडेला, कानाला लावायच्या स्पीकरजवळ बसवलेला लहानसा भाग. फोन कानाशी नेला की तो गालाची चाहूल घेतो आणि स्क्रीन व टच दोन्ही बंद होतात. फोन खाली घेतला की स्क्रीन पुन्हा उजळते. हे सुरळीत चालले तर असा काही भाग आहे याची कुणाला जाणीवही नसते. बिघडले की तक्रारी दोन तऱ्हेच्या येतात. पहिली, बोलताना स्क्रीन चालूच राहते आणि गाल लागून कॉल म्यूट होतो, होल्डवर जातो किंवा कट होतो. दुसरी जास्त छळणारी: कॉल लागताच स्क्रीन काळी पडते ती परत येतच नाही. बँकेच्या हेल्पलाइनवर ‘मराठीसाठी २ दाबा’ ऐकू येते, पण दाबायला आकडेच दिसत नाहीत. घरातल्या वयस्कर माणसांची यात फार पंचाईत होते, कारण कॉल संपवायचा कसा हेही त्यांना कळत नाही.

पुण्यात दुकानात अशी तक्रार नेली की ‘सेन्सर गेला, डिस्प्लेच बदलावा लागेल’ हे उत्तर वरचेवर मिळते. ते लगेच मान्य करू नये. सेन्सर स्वतः सहसा मरत नाही. बिघडतो तो त्याच्या वरून जाणारा प्रकाशाचा मार्ग, आणि तो मार्ग बिघडवणाऱ्या बहुतेक गोष्टी फोनच्या बाहेर, बोट पोहोचेल अशा जागी असतात.

कार्य

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ‘प्रॉक्सी’ म्हटले की यंत्रावरचा स्विच आठवतो. तो बहुधा चुंबकीय क्षेत्रातील बदलावर चालतो आणि धातूच ओळखतो. फोनमधला सेन्सर प्रकाशावर चालतो. त्यात एक सूक्ष्म एलईडी आणि एक फोटोडायोड (प्रकाश टिपणारा भाग) शेजारी शेजारी असतात. एलईडी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे (तरंगलांबी साधारण ८५० ते ९४० नॅनोमीटर) झटके सोडतो. समोर गाल असला तर त्यातला काही प्रकाश परत फिरून फोटोडायोडवर पडतो आणि फोनला एक आकडा मिळतो. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ‘जवळ’, त्याहून थोड्या खालच्या दुसऱ्या मर्यादेखाली आला की ‘दूर’. मर्यादा दोन ठेवण्याचे कारण उघड आहे: एकच ठेवली तर सीमेवरचा आकडा जरा हलला तरी स्क्रीन उघडझाप करू लागेल.

अँड्रॉइडमध्ये हे अंतर सेंटिमीटरमध्ये कळवण्याची सोय आहे, पण पुष्कळ सेन्सर खरे अंतर मोजत नाहीत. ते जवळ असल्यास शून्य आणि दूर असल्यास ५ अशी दोनच उत्तरे देतात. तपासणीच्या ॲपमध्ये मधले आकडे दिसत नाहीत म्हणून सेन्सर खराब आहे, असे समजण्याचे कारण नाही.

खरी अडचण काचेची आहे. एलईडीचा प्रकाश बाहेर पडताना त्यातला थोडा भाग वरच्या काचेवरूनच मागे फिरतो आणि गाल नसतानाही फोटोडायोडपर्यंत पोहोचतो. कारखान्यात हा भाग मोजून वजा करून ठेवलेला असतो. कमी परावर्तनाच्या पृष्ठभागावरही सेन्सर चालतो का, हे पाहण्यासाठी १८ टक्के प्रकाश परतवणारे करडे कार्ड वापरतात. पुढे काचेवर तेल, घाम, गोंद किंवा दुसरी काच चढली की मागे फिरणारा प्रकाश वाढतो, वजा केलेला आकडा अपुरा पडतो आणि फोनला गाल कायमच जवळ असल्यासारखे वाटते. काळ्या स्क्रीनची तक्रार बहुधा इथून सुरू होते. उलट बाजूने, कान आणि फोन यांच्यामध्ये केस आले की परतणारा प्रकाश कमी पडतो आणि स्क्रीन विझत नाही.

हा दोष महागड्या फोनलाही चुकलेला नाही. २०१० साली आलेल्या आयफोन ४ मध्ये बोलता बोलता गालाने कॉल म्यूट किंवा कट होण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस ४.१ मध्ये ॲपलने त्यावर दुरुस्ती दिली. सेन्सर तोच, फक्त त्याचे आकडे वाचण्याची रीत बदलली.

काच, गोंद आणि पाऊस

हाँगकाँग लेन असो, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट असो की कोपऱ्यावरचे कव्हरचे दुकान, टेम्पर्ड ग्लास दोन मिनिटांत लावून मिळते. फोनच्या नेमक्या मॉडेलची ग्लास नसली की ‘हीच बसते’ म्हणून जवळच्या मापाची लावली जाते. तिची काळी किनार सेन्सरच्या खिडकीवर, म्हणजे काचेतल्या प्रकाश जाण्या-येण्याच्या जागेवर, आली की संपले. फक्त कडांना गोंद असलेली ग्लासही त्रास देते: मधल्या पोकळीत धूळ आणि दमट हवा शिरते आणि प्रकाश तिथेच विखुरतो. वक्र स्क्रीनसाठी पातळ यूव्ही गोंद ओतून लावतात ती ग्लास सर्वांत जोखमीची, कारण दिव्याखाली घट्ट होण्याआधी गोंद कानाच्या स्पीकरच्या जाळीत उतरू शकतो. एकदा आत गेलेला गोंद पुसून निघत नाही.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत आणखी एक कारण जोडले जाते. दुचाकीवरून जाणारी माणसे फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये ठेवतात आणि सिग्नलला थांबून पाउचमधूनच बोलतात. सुरकुतलेल्या, आतून वाफ धरलेल्या प्लास्टिकवरून प्रकाश परततो आणि स्क्रीन काळी होते. पाउच काढल्यावर फोन नीट चालत असेल तर बिघाड काहीच नाही. स्कार्फमध्ये किंवा हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणाऱ्यांच्या फोनवर घामाचा थर साचतो, पण त्यांना सेन्सरपेक्षा जिवाची काळजी घ्यायला सांगणे जास्त गरजेचे आहे.

उन्हाचाही परिणाम होतो. सूर्यप्रकाशात अवरक्त भाग भरपूर असतो. सेन्सर तो वजा करतो, तरी एप्रिलच्या दुपारी थेट ऊन खिडकीवर पडले की काही फोन गोंधळतात. सावलीत तक्रार नाहीशी झाली तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा.

तपासणी

बाहेरून आत जावे. आधी कव्हर काढावे, वरची कड कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि एक कॉल लावून स्पीकरजवळच्या भागावर बोट ठेवून पाहावे. कॉल कानाच्या स्पीकरवर असला पाहिजे. आवाज ब्लूटूथवर किंवा फोनच्या मोठ्या स्पीकरवर गेलेला असेल तर फोन या सेन्सरचा वापर करत नाही, आणि चांगला सेन्सरही मेल्यासारखा वाटतो. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज लावूनही तपासता येते. फोन हातात धरलेला असताना आवाज आपोआप बारीक होऊन कानाच्या स्पीकरवर गेला आणि स्क्रीन विझली, तर सेन्सर ‘जवळ’वर अडकला आहे.

एवढ्याने फरक पडला नाही तर ग्लास काढावी. नवी ग्लास वाया जाईल म्हणून लोक ही पायरी टाळतात आणि नंतर डिस्प्लेचे पैसे भरतात.

सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर *#०*# टाकल्यास आणि शाओमीच्या फोनमध्ये *#*#६४८४#*#* टाकल्यास कंपनीचा चाचणी मेनू उघडतो. त्यात सेन्सर उघडून वर हात धरला की बदल दिसतो. इतर फोनसाठी प्ले स्टोअरवर सेन्सरची चाचणी करणारी मोफत ॲप आहेत. चाचणीत सेन्सर नीट आणि कॉलमध्ये मात्र बिघडलेला, असे दिसले तर दोष सॉफ्टवेअरचा. फोन रीस्टार्ट करावा, अपडेट पाहावे, सेफ मोडमध्ये (यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात) कॉल करून पाहावा. सेफ मोडमध्ये तक्रार गेली तर नुकतेच टाकलेले कॉलिंगचे किंवा स्क्रीन लॉकचे ॲप काढून टाकावे.

काही फोनच्या चाचणी मेनूत कॅलिब्रेशन, म्हणजे वजा करायचा आकडा नव्याने ठरवण्याची सोय, असते. ते करताना काच स्वच्छ आणि मोकळी हवी. मळकी ग्लास तशीच ठेवून कॅलिब्रेट केले तर फोन त्या मळालाच आधार धरतो. तक्रार तात्पुरती जाते, आणि पुढे ग्लास बदलली की आकडे पुन्हा चुकतात.

एलईडी जिवंत आहे की नाही हे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून दिसू शकते. अंधाऱ्या खोलीत कॉल चालू ठेवून वरची कड कॅमेऱ्यासमोर धरली की एक फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो. पुढच्या कॅमेऱ्यात तो जास्त स्पष्ट दिसतो. ठिपका न दिसल्याने काही सिद्ध होत नाही, कारण पुष्कळ कॅमेरे अवरक्त प्रकाश गाळतात. दिसला तर मात्र निम्मा सेन्सर शाबूत आहे हे पक्के.

दुरुस्ती होईपर्यंत दोन सोयी उपयोगी पडतात. स्क्रीन विझत नसेल तर कॉल लागल्यावर पॉवर बटण एकदा दाबून स्क्रीन स्वतः बंद करावी. मात्र त्याआधी सेटिंग्जमध्ये पॉवर बटणाने कॉल संपण्याचा पर्याय बंद आहे ना, हे पाहावे. स्क्रीन काळीच राहत असेल तर उलट तोच पर्याय चालू करावा, म्हणजे निदान कॉल संपवता येतो. अशा वेळी वायरचा इअरफोन जोडला की आवाज कानाच्या स्पीकरवरून हलतो आणि बहुधा स्क्रीन परत येते.

काचेशिवायचे सेन्सर

कडा बारीक होत गेल्या तसा या भागाला जागा उरली नाही. २०१६ च्या शाओमी मी मिक्समध्ये नॉर्वेच्या इलिप्टिक लॅब्ज या कंपनीचे अल्ट्रासाउंड तंत्र वापरले गेले: फोनमधून ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि माइकने त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. आता बऱ्याच स्वस्त फोनमध्येही असा सेन्सर असतो. अशा फोनवर खिडकी पुसून काही होत नाही. इअरपीसची (कानाच्या स्पीकरची) जाळी आणि वरचा माइक मोकळे हवेत. जाळीत धूळ बसली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. टाचणी घालू नये.

डिस्प्ले बदलल्यानंतरचा बिघाड

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीच्या परिसरात सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा मोठा बाजार आहे. तिथले अनुभवी कारागीर जुना काँबो (काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र भाग) काढताना सर्वांत आधी एक गोष्ट शोधतात: सेन्सरभोवती बसवलेले तांदळाच्या दाण्याएवढे काळे रबर. एलईडी आणि फोटोडायोड यांच्यामध्ये ते आडभिंत घालते आणि आतल्या आत होणारी प्रकाशाची गळती रोखते. पुष्कळदा ते जुन्या डिस्प्लेलाच चिकटून निघते आणि डिस्प्लेबरोबर कचऱ्यात जाते. नव्या डिस्प्लेसोबत ते येत नाही. मग दुरुस्तीआधी उत्तम चालणारा फोन दुरुस्तीनंतर प्रत्येक कॉलला काळा पडतो आणि गिऱ्हाईक ‘कॉपी डिस्प्ले लावला’ म्हणून भांडते.

कॉपी डिस्प्लेचा दोषही असतोच. मूळ काचेवर सेन्सरसमोर अवरक्त प्रकाश जाऊ देणाऱ्या गडद शाईची खिडकी छापलेली असते. स्वस्त काचेवर साधी काळी शाई येते. काही अमोलेड फोनमध्ये सेन्सर स्क्रीनच्या खाली असतो. त्यांना एलसीडी प्रकारचा स्वस्त काँबो लावला तर मागच्या दिव्याच्या थरांतून प्रकाश नीट आरपार जात नाही आणि सेन्सर निकामी होतो. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंटही त्याच कारणाने बंद पडतो. २०१७ च्या आयफोन एक्स आणि त्यानंतरच्या काही मॉडेलांत हा सेन्सर इअरपीसच्या पट्टीवर फेस आयडीच्या एका भागासोबत असतो. ती पट्टी दुसऱ्या फोनची लावली तर फेस आयडी चालत नाही, म्हणून मूळ पट्टीच नव्या डिस्प्लेवर जपून हलवावी लागते.

फोन उघडायला देताना जुने रबर परत बसवायला सांगावे. नवा डिस्प्ले चौकटीत बसवून, पण गोंद लावण्याआधी, काउंटरवरच एक कॉल करून वर हात धरून पाहावे. गोंद वाळल्यावर तोच डिस्प्ले पुन्हा काढताना फुटू शकतो, आणि तो भुर्दंड कुणाचा यावर दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे सहसा एकमत होत नाही.