अर्धे सूर इराकडे, अर्धे अर्काकडे

पेनाच्या टोपणाची कड ओठाला टेकवून फुंकर मारली की खणखणीत शिट्टी वाजते, हा शोध शाळेत आपण प्रत्येकानं लावलेला असतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात वाजणारी ‘सिकू’ म्हणजे अशा टोपणांची ओळच. तळाशी बंद, उतरत्या लांबीच्या बोरूच्या नळ्या एकमेकींना बांधलेल्या. आपल्या बासरीत बोटं छिद्रं झाकतात, उघडतात आणि सूर बदलतो. सिकूला छिद्रंच नाहीत. तिथं प्रत्येक सुराची नळी वेगळी.

बंद नळीत तोंडाशी हवा मोकळी हलते, तळाशी तिला हलायला जागाच नसते. म्हणून लहरीचा पाव भागच नळीत मावतो. 440 हर्ट्झचा सूर काढायला गणितानं साधारण साडेएकोणीस सेंटिमीटरची नळी पुरते. दोन्ही टोकं उघडी असती तर ती दुप्पट लागली असती. तळ म्हणजे बोरूची नैसर्गिक गाठ. सूर किंचित उतरलेला वाटला तर वादक नळीत मक्याचा दाणा किंवा बारीक खडा टाकतात. नळी तेवढी आखूड होते, सूर चढतो.

शिकणाऱ्याची पहिली चूक ठरलेली: तो नळीच्या आत फुंकतो आणि नुसतं फुस्स होतं. फुंकर समोरच्या कडेवर आपटायला हवी. तिथं हवेचा पातळ पट्टा कधी आत, कधी बाहेर असा झुलू लागतो, आणि नळीतली हवा त्याला आपल्या लयीत ओढून घेते. लांब नळीला सैल ओठ आणि संथ फुंकर, आखूड नळीला आवळलेले ओठ आणि वेगवान. लांब नळीत जोर जास्त झाला तर मजा होते. आपली बासरी जोरात फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. सिकू मात्र थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी मारते, कारण बंद नळीत दुप्पट कंपनसंख्येला थारा नाही, तिप्पट चालते.

अँडीजमधलं टिटिकाका सरोवर 3,812 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं विरळ. मग सूर बदलत असेल ना? नाही! एकाच नळीचा सूर ध्वनीच्या वेगावर अवलंबून, आणि तो वेग हवेच्या विरळपणावर नव्हे, तापमानावर ठरतो. दर अंश सेल्सिअसमागे तो सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं बदलतो, त्यामुळे गारठलेली सिकू उतरलेली वाजते आणि श्वासानं ऊबली की चढते.

नवशिक्याला काही मिनिटांत घेरी येते, आणि ती समुद्रकाठीही येते. सतत जोरात फुंकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोकं हलकं होतं. विरळ हवेत तासन्‌तास वाजवणाऱ्यांचं काय होत असेल?

इथं सिकूची रचना पाहावी. माझ्या मते जगातल्या सगळ्या वाद्यांत इतकी सुंदर कल्पना क्वचितच सापडेल. सिकूचे दोन भाग असतात, ‘इरा’ आणि ‘अर्का’. सहसा एकात सहा नळ्या, दुसऱ्यात सात. अँडीजमधल्या आयमारा भाषेत इरा म्हणजे पुढे जाणारा, अर्का म्हणजे मागून येणारा. सप्तकातले सूर दोघांत एकाआड एक वाटलेले: सा एकाकडे, रे दुसऱ्याकडे, ग पुन्हा पहिल्याकडे. साधी सरळ चालसुद्धा एकट्याला वाजवता येत नाही. एक फुंकतो तेव्हा दुसरा श्वास घेतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र सलग धून ऐकू येते. त्यामुळे शिकायचं असतं ते सुरांइतकंच थांबणं. जोडीदाराचा सूर मनात ऐकत, तो संपताक्षणी आपला सूर ठेवायचा. उशीर झाला तर धुनेला भोक पडतं. पेरूतल्या पुनो शहरात फेब्रुवारीत कांदेलारियाचा, म्हणजे मेरीमातेचा, उत्सव भरतो (युनेस्कोनं 2014 मध्ये त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं). तिथं सिकू वाजवणारे ताफे अशाच जोड्यांनी रस्त्यावर वाजवत, नाचत जातात.

अलीकडे बरेच वादक दोन्ही ओळी एकामागे एक धरून एकट्यानंच वाजवतात. मग ओठ क्षणोक्षणी पुढच्या ओळीवरून मागच्या ओळीवर न्यावे लागतात, आणि जोडीदारामुळे मिळणारी श्वासाची आयती जागा जाते. ती चालीतूनच चोरून काढायला नव्यानं शिकावं लागतं.