दुरुस्ती नव्हे, मोडतोड

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या जनुक-उपचाराची बातमी आली की मथळा ठरलेला: ‘सदोष जनुक दुरुस्त!’ २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली, तेव्हाही तेच. गडचिरोली-नंदुरबारकडे हा आजार ओळखीचा, त्यामुळे अशी बातमी आवर्जून वाचली जाते. पण या उपचारात सदोष जनुकाला कुणी बोटही लावत नाही. उलट, नीट चाललेलं दुसरंच काहीतरी मुद्दाम मोडतात. मला त्यातली हीच गंमत सांगायची आहे.

रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे दुवे, असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. बिघाड एवढाच, तो व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली शोधला. व्हॅलीनचं पाण्याशी पटत नाही. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत घुसतं, त्या रेणूचं त्याच्या शेजाऱ्यात, आणि पेशीच्या आत दोर वळले जातात. पेशी विळ्यासारखी वाकते. तपासणी शिबिरातली सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी याच गुणावर चालते. नळीत रसायन, त्यात जरासं रक्त, मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर ठीक. पाणी गढुळून त्या दिसेनाशा झाल्या, तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या मदतीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी. वाहक की पीडित हे तिथे कळतं.

आता गंमत. सिकलसेल घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. जॅनेट वॉटसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९४८ सालीच याचं कारण सुचवलं होतं: बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद होते, बीटा सुरू होते. गॅमाचं जनुक मात्र कुठे जात नाही. तुमच्या-माझ्यातही ते शाबूत आहे, फक्त कुलूपबंद. हे कुलूप म्हणजे बीसीएल-११-ए नावाचं प्रथिन.

गॅमा नुसती भर घालत नाही, दोर वळणंच बिघडवते. तिच्या ८७व्या जागी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन आहे, आणि त्यामुळे शेजाऱ्याला नीट चिकटता येत नाही. एक सिकल-बीटा आणि एक गॅमा असा मिश्र रेणू तयार झाला, तर तोही दोरात शिरत नाही.

मग कुलूपच फोडावं? तसं करून चालत नाही, कारण मेंदूला आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींनाही ते प्रथिन लागतं. संशोधकांनी ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या पोटातला एक छोटा तुकडा हेरला. तो फक्त तांबड्या पेशी घडताना जनुकाचा आवाज वाढवतो. गाटा-१ नावाचं प्रथिन जिथे येऊन बसतं, नेमकी ती जागा क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या कात्रीने कापायची. मग कुलूप फक्त तांबड्या पेशींत ढिलं पडतं आणि गॅमा पुन्हा सुरू होते. रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून हे करतात आणि त्या परत देतात. २०२४ साली छापलेल्या निष्कर्षांत, पुरेसा काळ पाहता आलेल्या ३० रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही.

याच रुग्णांना गव्हांकुराचा रस ‘हिरवं रक्त’ म्हणून विकला जातो, कारण म्हणे क्लोरोफिल हिमोग्लोबिनसारखं दिसतं. साम्य आहे ते हिमोग्लोबिनच्या हीम या भागातल्या कड्याशी. एकात मध्ये मॅग्नेशियम, दुसऱ्यात लोह. सिकलसेलमध्ये ते कडं बिघडलेलंच नसतं! बिघाड प्रथिनाच्या साखळीत आहे, आणि रस पिऊन साखळी बदलत नाही.

कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. शिवाय आधी बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका असतो. हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त गोळीही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे बंद झालेली गॅमा थोडीशी परत सुरू होते. तिने झटके कमी होतात हे १९९५ सालीच सिद्ध झालं. मात्र ती रोज घ्यावी लागते, आणि अधूनमधून रक्त तपासून डोस जुळवावा लागतो.